मिठाचं वजन

हेमराज घरात आला तेव्हा
त्यानं सगळ्यात आधी दाराची करकर बंद केली.
बिजागरीत सायकलचं तेल, दोन थेंब.
म्हणाला, आता कोनाची झोप नाही मोडनार.
त्या रात्रीपासून आम्हाला कळेनासं झालं
कोण केव्हा आत आलं, कोण केव्हा बाहेर गेलं.

गाव खूश.
दारू नाही, खर्रा नाही,
बायकोच्या लेकरांना 'तुम्ही' म्हणतो.
मामा म्हणाला, देवांगनाचं नशीब उघडलं.
मामाच्या ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता
त्याच आठवड्यात भरला गेला होता.

माय अंगणवाडीत.
लेकरांचं वजन ग्रॅममध्ये लिहिणारी बाई,
कोणाचा दंड हिरव्या पट्टीत, कोणाचा लाल,
चाळीस लेकरांचं तोंडपाठ.
तिला तो जेवताना म्हणाला, हसत,
"वरनात दोनदा मीठ पडलं वं. ध्यान कुठं रायते तुहं?"
माय हसली.
दुसऱ्यांदा तिनं बोट बुडवून चाखलं.
तिसऱ्यांदा घोट घोट पाण्यासोबत
सगळं वरण एकटीनं संपवलं.

मग कपाटाची किल्ली
खिळ्यावरून तांदळाच्या डब्यात गेली.
मग पोषण आहाराचं रजिस्टर, जे तिनं पिशवीत ठेवलं होतं,
पिशवीतच ठेवलं होतं,
ते त्याला न्हाणीच्या भिंतीवर सापडलं.
त्यानं ते फडक्यानं पुसून दिलं.
रागावला नाही. तो रागावतच नाही.
"थकली तू," म्हणतो,
"मानधन मी आनत जाईन ब्यांकेतून.
फोनही राहू दे माह्याजवळ."

मला म्हणाला, तुमची माय म्हणते, तुम्ही बापावर गेल्या.
मायला काय म्हणाला, माहीत नाही.
तिनं माझी वेणी घालणं सोडलं.
नोमेशला तो बोडीवर गरी टाकायला नेतो,
आणि नोमेश आता भिंतीकडे तोंड करून झोपतो.

मी पाहिलं.
लाइट गेली होती. मी ढोलीच्या मागं,
माय गोठ्यात.
तो चुलीपाशी उकिडवा बसला
आणि गंजात त्यानं मीठ टाकलं,
चिमूट नाही, मूठ.
मग झाकण ठेवलं, जराही न वाजवता,
निजलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टाकावं तसं.

सांगू कोणाला?
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं
आमच्या नात्यात जरा जास्तच.

म्हणून मी मिठाच्या बरणीला खूण केली.
कंपासच्या टोकानं, भिंतीकडच्या बाजूनं,
रोज शाळेत जाताना एक बारीक ओरखडा.
दहा ओरखडे झाले.
अकराव्या दिवशी बरणी हातातून निसटली,
पडता पडता धरली, उलटी.

बुडाला चिकटपट्टीनं चिकटवलेला कागद.
तारखा. पुढे ग्रॅम.
मायचा तो डावीकडे कललेला सात.
पहिली तारीख माझ्या पहिल्या ओरखड्याच्या
सतरा दिवस आधीची.

म्हणजे पहाटे, आम्ही उठायच्या आधी,
पदराखाली बरणी घेऊन ती अंगणवाडीत जात होती,
आणि तान्ह्या लेकरांच्या काट्यावर
मीठ मोजत होती.

त्या रात्री तो म्हणाला, "देवांगना, आजही?"
माय म्हणाली, "हो जी. विसरलीच मी."
आवाज इतका खरा
की क्षणभर मीच घाबरले.

मग तिनं मला पुढ्यात ओढलं,
पुष्कळ दिवसांनी केस विंचरले,
वेणी इतकी घट्ट की डोळ्यांत पाणी,
आणि शेवटचा पेड घालताना कानाशी हळूच एक आकडा म्हणाली:
सहाशे पंधरा.
एवढंच.

मध्यरात्री दार करकरलं.
नोमेश माझ्या डावीकडे होता.
उजवीकडे माय, डोळे उघडे,
आणि तिच्या नखांत
बिजागरीत भरलेली चुलीची राख.